न पेटलेला दिवा ही सुरक्षिततेची हमी नव्हे
(सुरक्षा वर्गातील भाषण)



तंजावर म्हटले की आपल्याला भोसल्यांचे राज्य आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. त्याच तंजावरजवळ कळिमेडु नावाचे गाव आहे. २७ एप्रिल २०२२ च्या पहाटे तेथे संत अप्पर यांच्या उत्सवाचा रथ निघाला होता. रथाचा वरचा भाग उच्चदाबाच्या तारेला लागला आणि लहान मुलांसह ११ माणसे प्राणाला मुकली.

ती तार निदान उघड्यावर होती. यंत्राच्या पोटात फेजची वायर लोखंडी आवरणाला टेकते तेव्हा काहीच दिसत नाही. कावेरीच्या या त्रिभुज प्रदेशात मेट्टूर धरणाचे पाणी सोडण्याची परंपरागत तारीख १२ जून. पण कुरुवै भाताची रोपे अनेक ठिकाणी बोअरच्या पंपावरच जगवावी लागतात. चिखलात अनवाणी उभा शेतमजूर आणि पुढ्यात ४४० व्होल्टची मोटर! अर्थिंग तुटलेले असेल तर आवरणात वीज उतरूनही मोटर चालूच राहते. बिघाड कळतो तो हात लावणाऱ्याला. आपल्या यार्डातला पंप, शेडमधले वेल्डिंगचे यंत्र, टपाल कचेरीतले वायरीला टेकलेले लोखंडी कपाट यांची गोष्ट वेगळी नाही.

मग हा स्पर्श ओळखायचा कसा? कोणी हाताची उलटी बाजू लावून पाहतो. ही परीक्षा नव्हे, हा जिवाचा जुगार आहे. कोणी खिशातला टेस्टर लावतो. त्याचा दिवा आपल्याच शरीरातून जाणाऱ्या सूक्ष्म प्रवाहावर पेटतो. आपण कोरड्या फळीवर उभे असलो तर तो मंद पेटतो. भर उन्हात पेटलेलाही दिसत नाही. दिवा पेटला तर वीज आहे हे कळते. न पेटला तर काहीच कळत नाही.

रेल्वेच्या सिग्नल व्यवस्थेत याचे उत्तर फार पूर्वीच सापडले आहे. १८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन यांनी बंद ट्रॅक सर्किटचे पेटंट घेतले. दोन रुळांतून अगदी कमी दाबाचा प्रवाह सोडायचा आणि त्यावर रिले उचललेला ठेवायचा. गाडीची चाके व आस दोन्ही रुळ जोडतात, रिलेचा प्रवाह तुटतो, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. वायर तुटली वा बॅटरी उतरली तरीही लालच! शंका आली की धोका मानायचा, हे त्यातले तत्त्व.

हेच तत्त्व आपण हाती घेऊ या. प्रथम पुरवठा बंद करावा, स्विचला कुलूप व फलक लावावा. दोन टोकांचे तपासणी उपकरण आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून ते ठीक असल्याची खात्री करावी. मग आपल्या यंत्रावर तपासावे. पुन्हा चालू ठिकाणी लावून पाहावे. वीज नाही हे सिद्ध झाल्यावर यंत्राची वायर सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग व आवरण यांतला रोध मोजावा. साधा मीटर काही व्होल्टांवर चालतो, त्याला कमकुवत इन्सुलेशन सापडेलच असे नाही. मेगर लावल्यावर वाइंडिंगमधला भार उतरवावा. आवरणापासून अर्थपर्यंतची वायर अखंड आहे का, तेही पाहावे.

रेल्वेच्या २५,००० व्होल्टच्या तारेला मात्र यातले काहीही लागू नाही. तेथे २ मीटरच्या आत जायचे नाही. पुरवठा बंद झाल्याचा लेखी परवाना हाती आल्याशिवाय आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग झाल्याशिवाय काम नाही.

यासाठी चांगली उपकरणे हवीत, जोडीला दुसरा माणूस हवा आणि वेळ हवा. "लवकर उरका" असा हुकूम येतो तेव्हा पहिली काट तपासणीलाच बसते. म्हणून प्रत्येक शाखेने मेगर, कुलपे व अर्थिंगच्या तपासणीची नोंदवही यांची मागणी लेखी करावी, आणि तपासणी पुरी होईपर्यंत यंत्र बंद ठेवण्याचा कामगाराचा हक्क मान्य करून घ्यावा.