काळं इंजिन, पांढरी वाफ



मूर्तिजापूरची शकुंतला आपण सगळ्यांनीच धावत पकडलेली आहे. 1994 साली तिचं वाफेचं इंजिन जाऊन डिझेल येणार म्हणून मी उसना कॅमेरा घेऊन पहाटेच स्टेशन गाठलं. कृष्णधवल रोल 100 एएसएचा. दाणा बारीक, पण उजेड अपुरा. शटर 1/30 वर आणावं लागलं आणि चालतं इंजिन हललं. वर मीटर धरलं पांढऱ्या वाफेवर, म्हणजे इंजिन निव्वळ काळं! त्यात फायरमन होते आपल्याच बाकावरच्या एका मित्राचे वडील. चेहरा आलाच नाही.

आज 400 चा रोल घेईन, एचपी5 किंवा ट्राय-एक्स. त्याच उजेडात 1/125 मिळतं. लेन्स साधी 50 मिमी पुरते. पिवळ्या फिल्टरने निळ्या आभाळावर वाफ उठून दिसते, पण तो एक स्टॉप उजेड खातो, तेव्हा पहाटे नकोच. आणि मीटर रुळाकडेच्या गवतावर धरायचं. वाफेवर नाही, बॉयलरवरही नाही.

मित्रा, दर मेळाव्याला तू तो फोटो मागतोस. आज निगेटिव्ह आणली आहे. खिडकीपाशी धरून बघ, भट्टीच्या उजेडात फावड्यावरचा हात तेवढा दिसतो.