केनियातली शाळा आणि आपली शाळा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला शिक्षणावर बोला असे सांगितले. शिक्षणावर आपण दरवर्षी बोलतो. टाळ्या पडतात आणि मग जेवणाच्या पंगती बसतात. म्हणून यावेळी जरा लांबची हकिकत सांगतो, आफ्रिका खंडातल्या केनिया देशाची. मी काही तिकडे गेलेलो नाही. जे वाचले ते सांगतो.

केनियावर इंग्रजांचे राज्य होते. त्या राज्यात शाळा तीन तऱ्हेच्या. गोऱ्यांच्या मुलांची वेगळी, हिंदुस्थानातून गेलेल्या लोकांच्या मुलांची वेगळी आणि काळ्या आफ्रिकी मुलांची वेगळी. डोईमागे सगळ्यात जास्त पैसा गोऱ्या मुलावर आणि सगळ्यात कमी आफ्रिकी मुलावर. आपल्यातल्या म्हाताऱ्या माणसांना यात नवे काही वाटणार नाही. फक्त एक ध्यानात ठेवा, तिथे मधल्या पायरीवर आपल्याच देशाची माणसे होती.

आफ्रिकी मुलांच्या बहुतेक शाळा मिशनऱ्यांच्या ताब्यात. १९२९ च्या सुमारास किकुयू लोकांचे आणि मिशनचे बिनसले. मुलींची सुंता करण्याची चाल सोडा, असे मिशनने बजावले. पुष्कळांनी ऐकले नाही आणि त्यांची मुले शाळेबाहेर पडली. ती चाल मुलींच्या जिवावर उठणारी होती, त्या बाबतीत मी किकुयूंची बाजू घेणार नाही. पण पुढे त्यांनी काय केले ते बघा. त्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या. वर्गणी काढली, अंगमेहनत केली, भिंती उभ्या केल्या. शिकवायला माणसे पाहिजेत म्हणून १९३९ साली गिथुंगुरी या गावी शिक्षकांचे कॉलेज सुरू केले. त्याचे प्रमुख म्बियू कोइनांगे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले. कोलंबिया म्हटल्यावर तुम्हाला वेगळे सांगायला नको. बाबासाहेब १९१३ ते १९१६ तिथेच होते, आणि १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. दोन खंडांतली दोन माणसे, एकाच विद्यापीठातून परतली आणि आपल्या लोकांसाठी शिक्षणाच्या कामाला लागली.

१९५२ साली माऊ माऊचा उठाव झाला, सरकारने आणीबाणी लावली आणि या स्वतंत्र शाळांना कुलपे ठोकली. गिथुंगुरीचे कॉलेजही बंद केले आणि त्या जागेचा उपयोग माणसे फासावर लटकवायला झाला. सत्तेला बंदुकीइतकीच फळ्याची भीती वाटते ती अशी.

१९६३ ला देश स्वतंत्र झाला. 'हरांबे' म्हणजे सगळ्यांनी मिळून जोर लावणे, हा तिथला मंत्र. गावोगावी लोकांनी पैसा गोळा करून माध्यमिक शाळा बांधल्या. पण सरकारची तिजोरी अडचणीत आली आणि १९८० नंतरच्या काळात शाळेचा खर्च पालकांच्या डोक्यावर येत गेला. गरिबाचे पोर घरी बसले. शेवटी जानेवारी २००३ मध्ये म्वाई किबाकींच्या सरकारने प्राथमिक शाळेची फी बंद केली. बंधूंनो, दहा लाखांहून जास्त मुले नव्याने शाळेत आली! काही वर्गांत एका मास्तरापुढे शंभरेक मुले. बाके नाहीत, पुस्तके वाटून वाचायची. फी गेली तरी गणवेश, वह्या, हा निधी, तो निधी राहिलाच. पाळीच्या दिवसांत मुली शाळा बुडवतात म्हणून २०१७ साली तिथे कायदा करून शाळकरी मुलींना सॅनिटरी पॅड फुकट द्यायचे ठरले. (आता माना खाली घालू नका. हे व्यासपीठावरूनच बोलायला पाहिजे.)

आणि ज्यांच्या हातात चार पैसे होते त्यांनी काय केले? वर्गात गर्दी झाली, दर्जा गेला म्हणत आपली मुले खाजगी शाळेत नेली. ज्यांचा आवाज मुख्याध्यापकांपर्यंत पोचत होता तेच निघून गेले, मागे राहिले ते मुके पालक. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. कारण मीही माझा मुलगा महापालिकेच्या शाळेतून काढून इंग्रजी शाळेत घातला होता. लपवत नाही. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी तेच केले, ते ज्याचे त्याने मोजावे. पट घसरला की शाळा बंद होते, आणि त्यावर मोर्चा काढायला आपण पुन्हा सगळ्यात पुढे!

त्या केनियातच एल्डोरेट गावी जानेवारी २००४ मध्ये किमानी मारुगे नावाचा ८४ वर्षांचा म्हातारा पहिलीत बसायला आला. माऊ माऊचा लढवय्या. त्याने मुलांसारखा गणवेश केला, अर्धी चड्डी आणि लांब मोजे. त्याची दोन नातवंडे त्याच शाळेत शिकत होती. त्याला बायबल स्वतः वाचायचे होते, कारण प्रवचन करणारा त्यात लिहिलेलेच सांगतो की नाही, याची त्याला शंका होती! कालामांना तथागतांनी दुसरे काय सांगितले? कोणी सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. आणि पारखायचे तर वाचता यायला पाहिजे. २००५ मध्ये हा मारुगे न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात जाऊन शिक्षणावर बोलून आला. निवडणुकीनंतरच्या दंगलीत त्याची चीजवस्तू लुटली गेली. २००८ साली तो निर्वासितांच्या छावणीत राहत होता. तिथून शाळा चार किलोमीटर. तरी रोज जायचा. २००९ साली वारला.

गेल्या वर्षावासात आपल्या विहारात एक मावशी वंदनेला बसल्या होत्या. त्रिशरण, पंचशील, बुद्धवंदना सगळे बिनचूक पाठ. हातातली पुस्तिका मात्र उलटी. मी सरळ करायला हात पुढे केला, तशा म्हणाल्या, "राहू दे बाबा, मला कुठं वाचायचंय."

येत्या रविवारपासून रोज संध्याकाळी सात वाजता विहाराच्या सभागृहात मोठ्या माणसांचा वर्ग सुरू होतो आहे. फळा मिळाला, पाट्या आणल्या, शिकवायला आपल्या कॉलेजच्या तीन मुली तयार आहेत. यादीत पहिले नाव मी त्या मावशींचे लिहिले आहे. त्यांना अजून विचारलेले नाही.

जयभीम. नमो बुद्धाय.