चढत्या वेळेचें घड्याळ

गेलेला वेळ मोजण्याचें काम वरवर पाहतां अगदीं सोपें वाटतें. पूर्वीं लग्नघरीं घटिकापात्र असे. पाण्यानें भरलेल्या घंगाळांत बुडाशीं बारीक छिद्र असलेली वाटी सोडीत. ती भरून बुडाली कीं एक घटका, म्हणजे २४ मिनिटें झालीं. वाटी उचलून पुन्हां सोडण्यास व हिशेब ठेवण्यास एक माणूस बसे. त्याला डुलकी लागली तर वाटी तळाशीं पडून राही; काळ मात्र पुढें जातच असे. आज मोबाइलवर शून्यापासून चढत जाणारे आंकडे दाखविणारें जें घड्याळ असतें, त्याची मुख्य अडचण नेमकी हीच आहे.

प्रसूतिसमय जवळ आलेली एक स्त्री घरीं आहे, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. एका कळेच्या आरंभापासून दुसरीच्या आरंभापर्यंत किती वेळ गेला, यावर इस्पितळांत केव्हां निघावयाचें हें पुष्कळदां ठरतें. सुमारें पांच मिनिटांच्या अंतरानें, प्रत्येकी मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या म्हणजे निघावें, असा एक प्रचलित संकेत आहे. घरांतील कोणी तरी मोबाइल हातीं घेऊन हें अंतर मोजीत बसतें. त्या आंकड्यावर दोन जिवांचा भार असतो.

ॲप रचणारा नवशिका असला तर तो दर सेकंदास एक मिळवीत जाण्याची आज्ञा यंत्रास देतो. पडदा उजळलेला असेतों सर्व ठीक दिसतें. परंतु थोड्या वेळानें बॅटरी वांचविण्यासाठीं पडदा मालवतो, ॲप निजतें, आणि त्याबरोबर ती आज्ञाहि थांबते. प्रत्यक्षांत नऊ मिनिटें लोटलीं तरी आंकडा चारच दाखवितो, व घरचीं माणसें मध्यरात्रीं उगाच धांवपळ करतात. ॲप जागें असलें तरी इतर कामांच्या गर्दींत ती आज्ञा किंचित् उशिरा पाळली जाते, आणि असे लहान लहान उशीर सांचत जातात.

यावर उपाय असा कीं, मोजीत बसूं नये, वजाबाकी करावी. आरंभाचा क्षण टिपून ठेवावा, आणि जेव्हां जेव्हां आंकडा दाखवावयाचा असेल तेव्हां तेव्हां चालू क्षणांतून तो वजा करावा. मग दर सेकंदाच्या आज्ञेकडे केवळ आंकडे पुसून नवे लिहिण्याचें काम उरतें. ती चुकली तरी हिशेब चुकत नाहीं.

आतां प्रश्न उरतो कीं क्षण कोणत्या घड्याळावरून टिपावा. मोबाइलमध्यें घड्याळें दोन. एक तारीख व वेळ सांगणारें. तें मालक हातानें बदलूं शकतो व दूरसंचाराचें जाळेंहि तें दुरुस्त करतें. दुसरें यंत्र सुरू झाल्यापासूनचा काळ मोजणारें. तें कोणाच्या हातीं नसतें व कधीं मागें जात नाहीं. पहिलें घड्याळ दहा मिनिटें मागें असून मध्येंच दुरुस्त झालें, तर चार मिनिटांचें अंतर चौदा दिसेल, आणि निघावयाच्या वेळीं माणसें निर्धास्त बसून राहतील.

ही भीति काल्पनिक नव्हे. ३१ डिसेंबर २०१६ रोजीं जागतिक वेळेंत एक सेकंद अधिक घालण्यांत आला. त्या वेळीं ‘क्लाउडफ्लेअर’ कंपनीच्या कांहीं यंत्रांतील वजाबाकीचें उत्तर शून्याहून कमी आलें व त्यांचें काम अडलें. तो कार्यक्रम ‘गो’ या संगणकभाषेंत लिहिलेला होता. २०१७ च्या ऑगस्टमध्यें निघालेल्या तिच्या १.९ या आवृत्तींत मागें न जाणाऱ्या घड्याळाची सोय करण्यांत आली.

ॲण्ड्रॉइडमध्यें या दुसऱ्या घड्याळाचेहि दोन प्रकार आहेत. ‘अपटाइम मिलिस’ यंत्राच्या गाढ निद्रेंत थांबतें; ‘इलॅप्स्ड रिअलटाइम’ निद्रेंतहि चालतें. चढत्या वेळेसाठीं दुसरेंच योग्य. मात्र मोबाइल बंद करून पुन्हां सुरू केला कीं तें शून्यापासून निघतें. म्हणून आरंभाची तारीख व वेळहि जोडीस लिहून ठेवावी, आणि तसा प्रसंग आल्यास त्यावरून काढलेला आंकडा अंदाजाचा आहे, हें पडद्यावर स्पष्ट सांगावें.

दाखविण्याच्या रीतींतहि विचार हवा. सर्व अंक सारख्या रुंदीचे घ्यावेत, म्हणजे ओळ हलत नाहीं. सेकंद पूर्ण झाल्यावरच मोजावा. अर्ध्याचा पूर्ण करूं नये.

ॲप लोकांच्या हातीं देण्यापूर्वीं त्याची परीक्षा करणें कठीण नाहीं. घड्याळ सुरू करावें, पडदा मालवूं द्यावा, दहा मिनिटें मोबाइल बाजूस ठेवावा, मध्यें एकदां त्याची तारीख-वेळ मुद्दाम बदलावी, आणि शेवटीं भिंतीवरील साध्या घड्याळाशीं आंकडा ताडून पाहावा. दोन्ही जुळलीं, तरच कळा मोजणाऱ्या माणसानें त्यावर विसंबावें.