गिटारचा एक पिकअप आणि त्याचे तीन आवाज



गणपतीच्या मिरवणुकीत किंवा लग्नाच्या वरातीत बेंजो पार्टी आपण सर्वांनी ऐकली आहे. गाणे संपते, वाजवणारा हात काढून घेतो, आणि तरीही कर्ण्यांतून एक आवाज येतच राहतो. भुंगा डब्यात कोंडल्यासारखी एकसुरी घूंऽऽ अशी गुणगुण. आपल्या कानांना तिची इतकी सवय झाली आहे की ती आपण ऐकूनही ऐकत नाही. ही गुणगुण कोणत्याही वाद्याची नव्हे, ती विजेची आहे. आपल्याकडच्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, अमेरिकेत ६०. या प्रवाहाभोवती जे चुंबकीय क्षेत्र असते, तेही तितक्याच वेळा डोलते, आणि ते डोलणे विजेच्या वाद्याला ऐकू येते.

आज मला एवढ्याशाच गुणगुणीबद्दल आणि तिच्यावर माणसाने काढलेल्या तोडग्याबद्दल बोलायचे आहे. मी गणित शिकवतो. वाद्ये दुरुस्त करणे हा माझा धंदा नव्हे. पण आमच्या महाविद्यालयातला एक मुलगा स्नेहसंमेलनाच्या चार दिवस आधी आपली गिटार घेऊन माझ्या घरी आला, आणि मी त्या भानगडीत पडलो.

मुलगा जवळच्याच खेड्यातला. गिटार जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. पैसे वडिलांनी दिले होते, ते कशातून उभे केले हे मी विचारले नाही. म्हणाला, "सर, ही मोठ्यानं छान वाजते, पण भावगीताला हिचा आवाज फार जाड लागतो. दुकानदार म्हणतो, त्यासाठी दुसरी गिटार घे." दुसरी गिटार घेणे शक्य नव्हते, हे त्याने सांगायला नको होते.

मग त्याने दुसरी गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. आदल्या महिन्यात एका कार्यक्रमात त्याची गिटार फार गुणगुणत होती. मंडपवाल्याने उपाय केला. त्याने ध्वनिवर्धकाच्या वायरची तीन पायांची पिन कापली आणि नुसत्या दोन वायरी आगकाडी खोचून प्लगात अडकवल्या. गुणगुण कमी झाली. मुलगा गाण्यासाठी पुढे झाला, हात तारांवर, ओठ माइकजवळ, आणि त्याला असा झटका बसला की तो मागे फेकला गेला. लोक हसले. त्यांना वाटले, घाबरला.

श्रोतेहो, ही हसण्याची गोष्ट नव्हे. विजेच्या गिटारच्या लोखंडी तारा आतून एका वायरीने ध्वनिवर्धकाच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. त्या सांगाड्यात कधी वीज उतरलीच, तर तिला जमिनीत जायला वाट असावी म्हणून तो तिसरा पाय, म्हणजे अर्थिंग. तो कापला की वीज तारांपर्यंत येते, आणि माइक दुसरीकडे नीट अर्थ केलेला असेल तर तिला वाट सापडते ती वाजवणाऱ्याच्या अंगातून. १९७२ साली ३ मे रोजी ब्रिटनमधील स्वॉन्झी गावी लेस हार्वे नावाचा गिटारवादक भर रंगमंचावर असाच गेला. तोही माइकलाच हात लावत होता. तेव्हा शाळेच्या संमेलनात मंडपवाला आगकाडी काढताना दिसला, तर शिक्षकांनी कार्यक्रम उशिरा सुरू झाला तरी चालेल, पण तिसरा पाय जोडून घ्यावा. या बाबतीत मी भांडायला तयार असतो.

आता गुणगुणीकडे वळू. ती दोन वाटांनी येते. एक, अर्थिंग धड नसल्यामुळे. दुसरी, खुद्द गिटारच्या पिकअपमधून. ओळखायची कशी? गिटार हातात धरून जागच्या जागी हळूहळू गोल फिरावे. फिरताना गुणगुण कमीजास्त झाली, तर पिकअप जवळपासच्या ट्रान्सफॉर्मरचे किंवा ट्यूबलाइटचे क्षेत्र पकडतो आहे असे समजावे.

पिकअप म्हणजे काय? लोहचुंबक, आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेची हजारो वेढ्यांची गुंडाळी. चुंबकामुळे वरच्या लोखंडी तारेतही थोडे चुंबकत्व येते. तार थरथरली की गुंडाळीतून जाणाऱ्या बलरेषा कमीजास्त होतात आणि गुंडाळीत वीज निर्माण होते. फॅरडेने १८३१ साली दाखवले ते हेच, दहावीच्या पुस्तकात आहे ते. पण गुंडाळी भोळी असते. बलरेषा तारेने हलवल्या की ट्रान्सफॉर्मरने, हे तिला कळत नाही. दोन्ही ती सारख्याच इमानाने ध्वनिवर्धकाकडे पाठवते.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कॅलामाझू नावाचे गाव आहे. गिब्सन कंपनीचा वाद्यांचा कारखाना तेथे होता. तेथे सेठ लव्हर नावाचा तंत्रज्ञ होता. दोन गुंडाळ्यांनी गुणगुण मारण्याची कल्पना त्याच्याआधीही काहींना सुचली होती, पण गिटारवर ती रुजली ती त्याच्या कामामुळे. त्याने पेटंटसाठी अर्ज केला तो २२ जून १९५५ रोजी, आणि पेटंट मिळाले २८ जुलै १९५९ रोजी. मधल्या काळात कंपनीने पिकअपच्या पाठीवर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी चिठ्ठी चिकटवली, आणि त्या चिठ्ठीचे जुने पिकअप आज लोक सोन्याच्या भावाने घेतात. गंमत अशी, की पुढे चिठ्ठीवर पेटंटचा क्रमांक आला तो या पिकअपचा नव्हताच. तो लेस पॉल यांच्या, तारा खालून धरून ठेवणाऱ्या पट्टीच्या पेटंटचा होता. चूक की नक्कल करणाऱ्यांना चकवा, यावर अजून वाद घालतात.

लव्हरची युक्ती मला गणिताचा मास्तर म्हणून फार आवडते. त्याने एकीऐवजी दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी ठेवल्या, प्रत्येकी सुमारे पाच हजार वेढ्यांच्या, आणि दुसरी उलटी जोडली. बाहेरची गुणगुण दोघींवर सारखीच येते. पण दुसरी उलटी असल्यामुळे पहिली अधिक म्हणते तेव्हा दुसरी उणे म्हणते, आणि बेरीज शून्य. ठीक. पण मग तारेचा आवाजही असाच शून्य होईल की! म्हणून त्याने आणखी एक केले. पहिल्या गुंडाळीत चुंबकाचा उत्तर ध्रुव वर आणला, तर दुसरीत दक्षिण. त्यामुळे तारेचा आवाज दुसऱ्या गुंडाळीत दोनदा उलटा होतो, एकदा ध्रुवामुळे आणि एकदा जोडणीमुळे. उणे गुणिले उणे अधिक. आवाजाची बेरीज होते, गुणगुणीची वजाबाकी. नववीच्या वर्गात "सर, उणे उणे अधिक का?" असे विचारणारा एखादा असतोच. त्याला हा पिकअप दाखवावा. या पिकअपला म्हणतात हमबकर.

आमच्या मुलाच्या गिटारमध्ये असा एकच हमबकर होता. त्याचा आवाज जाड का? दोन्ही गुंडाळ्या एकामागे एक, म्हणजे एकसर जोडलेल्या होत्या. एकसर जोडणीत रोध वाढतो, हे आपण शिकवतो. तसेच बदलत्या प्रवाहाला होणारा गुंडाळीचा अडथळाही वाढतो. हा अडथळा उंच स्वरांना जास्त होतो. म्हणून आवाज जोरकस होतो, पण वरची चमक मरते. त्याच दोन गुंडाळ्या समांतर जोडल्या तर अडथळा सुमारे चौथाई होतो. जोर कमी होतो, चमक येते, आणि गुणगुण तरीही मेलेलीच राहते. आणि एकच गुंडाळी चालू ठेवली तर आवाज काचेसारखा स्वच्छ येतो, पण गुणगुण परत येते, कारण वजाबाकी करायला जोडीदार उरत नाही. म्हणजे एका पिकअपमध्ये तीन आवाज दडलेले आहेत. प्रश्न फक्त जोडणीचा आणि एका खटक्याचा.

जुन्या पद्धतीच्या हमबकरमधून एकच वायर बाहेर येते. दोन गुंडाळ्यांचा सांधा आत, टेपखाली लपलेला असतो. तो उघडताना केसाएवढी तार तुटली तर पिकअप गेलाच. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. सुदैवाने या पिकअपला चार रंगीत वायरी आणि एक उघडी वायर होती. चार म्हणजे प्रत्येक गुंडाळीची दोन टोके, आणि उघडी ती अर्थची.

इथे माझी फजिती झाली. मी एक आकृती मिळवली आणि रंग पाहून वायरी जोडल्या. गिटार लावली, तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा किरटा, आणि गुणगुण पूर्वीपेक्षा मोठी! मुलाचा चेहरा पाहवेना. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आले. रंगांची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी. सीमोर डंकनच्या पिकअपमध्ये काळी वायर आवाजाची, हिरवी अर्थची, आणि लाल-पांढरी यांचा सांधा. डिमार्झिओमध्ये लाल वायर आवाजाची, हिरवी अर्थची, आणि काळी-पांढरी यांचा सांधा. आमच्या पिकअपवर तर नावच नव्हते. मी एक गुंडाळी उलटी जोडली होती. त्यामुळे लव्हरचे सगळे गणित फिरले. गुणगुणीची बेरीज झाली आणि आवाजाची वजाबाकी. आवाज अगदी शून्य झाला नाही, कारण दोन गुंडाळ्या तारेच्या थोड्या वेगळ्या जागांखाली असतात. उरला तो किरटेपणा.

दुसऱ्या दिवशी रंगांवर विश्वास न ठेवता मल्टिमीटर घेतला. ज्या दोन वायरींत सुमारे चार किलोओहम दिसतात, ती एका गुंडाळीची जोडी. इतर जोड्यांत काहीच दिसत नाही. मग काटा असलेला जुना मीटर एका गुंडाळीला लावला, तिच्या लोखंडी खिळ्यांवर पेचकस टेकवला आणि चटकन उचलला. काटा एकीकडे झटका देतो. दुसऱ्या गुंडाळीलाही तसेच केले. मीटरची लाल कांडी ज्या टोकाला लावली असता दोन्हींत काटा एकाच बाजूला उडतो, ती दोन टोके एका नावाची. त्यांना आपण 'डोके' म्हणू, उरलेल्या दोहोंना 'शेपूट'.

खटका घेतला सहा पायांचा आणि तीन ठिकाणी थांबणारा. पाय दोन रांगांत, तीन-तीन. हे मात्र कागदावर काढून घ्या. पहिल्या गुंडाळीचे डोके सरळ व्हॉल्यूमच्या कळीकडे, दुसरीचे शेपूट सरळ अर्थला. ती दोन टोके खटक्याकडे येतात ती एवढ्यापुरतीच, पुढे सांगतो तशी. पहिलीचे शेपूट डाव्या रांगेच्या मधल्या पायावर, दुसरीचे डोके उजव्या रांगेच्या मधल्या पायावर. वरचे दोन पाय एकमेकांना जोडा. खालचा डावा पाय अर्थला, खालचा उजवा पाय व्हॉल्यूमकडे. मधले पाय वरच्यांना जुळले की शेपूट आणि डोके एकत्र येतात, ती एकसर जोडणी. खालच्यांना जुळले की दोन्ही डोकी व्हॉल्यूमकडे, दोन्ही शेपटे अर्थला, ती समांतर. आणि खटका मध्ये ठेवला की एक रांग वर व दुसरी खाली जुळते. तेव्हा एका गुंडाळीचे एक टोक लोंबकळत राहते आणि दुसरी एकटीच गाते. ती कोणती, हे खटक्याच्या बनावटीवर अवलंबून आहे, पण वाजते एकच.

डाख लावल्यावर तारा चढवण्याआधी मीटरने तपासले. एकसरला आठ, मध्ये चार, समांतरला दोन किलोओहम. व्हॉल्यूमची कळही जोडलेली असल्याने आकडे किंचित कमी येतात, तेवढे चालते. हे तीन आकडे आले की जोडणीच्या वाटा बरोबर. उलटसुलटपणा मात्र ते सांगत नाहीत, त्यासाठी पेचकसच हवा. या कामात गिटारची वायर काढलेली असावी. गिटारच्या पोटात धोका नाही. ध्वनिवर्धकाच्या पोटात आहे, प्लग काढल्यावरही बराच वेळ. तो उघडू नये.

मुलाच्या वडिलांनी निरोप पाठवला होता, "गिटारीला नवं भोक पाडू नका." मुलगा टोनची कळ कधीच फिरवत नसे. ती काढून त्या भोकात खटका बसवला. भोक मोठे पडले, म्हणून मोठा वायसर टाकला. तो जरा वाकडा बसला आहे.

संमेलनाच्या दिवशी मी आधी प्लगपाशी गेलो आणि तीन पाय मोजले. मग मागच्या बाकावर बसलो. भावगीताला त्याने खटका समांतरवर ठेवला होता. मी त्याला एकट्या गुंडाळीचा आवाज घे म्हणून सांगितले होते, मला तोच गोड वाटतो. नंतर विचारले, तर म्हणाला, "सर, कडव्यांच्या मध्ये मी थांबतो ना, तिथं ती घूं नको होती."