तारेची जाडी आणि वाजवणाऱ्याचा हात



मिरजेला तंबोरा घ्यायला गेलं की कारागीर आधी विचारतो, गाणार कोण आणि पट्टी कोणती? पुरुषी आवाजाचा तंबोरा मोठा, बायकांचा लहान, आणि त्या मानाने तारांचे नंबरही वेगळे. वाद्याची लांबी, तारेची जाडी आणि लावायचा स्वर ही तिन्ही एकमेकांशी बांधलेली आहेत, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा घ्यायला जाणारा आपला मुलगा मात्र दुकानात वेगळंच विचारतो. अमका वादक कोणत्या तारा लावतो? मग तोच सेट घेऊन घरी येतो. मिरजेतला प्रश्न गिटारलाही तितकाच लागू आहे, हे आज मला तुमच्यापुढे मांडायचं आहे.

गिटारला सहा तारा. पहिली सर्वांत बारीक, सहावी सर्वांत जाड. दोन्ही एकाच स्वराच्या, मध्ये दोन सप्तकांचं अंतर: सहावीची सेकंदाला सुमारे 82 कंपनं, पहिलीची सुमारे 330. सेट ओळखला जातो तो पहिल्या तारेच्या जाडीवरून, इंचाच्या हजाराव्या भागात. नऊचा सेट म्हणजे पहिली 0.009 इंच आणि सहावी 0.042. दहाचा सेट म्हणजे 0.010 ते 0.046. नऊ आणि दहा यांच्यातला फरक जेमतेम 0.025 मिलिमीटर, डोळ्यांना दिसणारही नाही इतका. बोटांना मात्र तो लगेच कळतो, कारण ताण जाडीच्या वर्गाने वाढतो. लांबीच्याही वर्गाने, आणि कंपनसंख्येच्याही वर्गाने. हा नियम मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने 1636 साली ग्रंथात मांडला. तेव्हा विजेची गिटार कुणाच्या स्वप्नातही नव्हती, पण आज आपण याच नियमावर तारा निवडतो.

आकड्यांत सांगतो. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर तारेची वाजती लांबी साडेपंचवीस इंच. तिच्यावर नऊची पहिली तार स्वरात आणली की तिला सुमारे सहा किलोचा ताण बसतो. दहाची असेल तर सव्वासात किलोच्या थोडा वर. सहाही तारांची बेरीज केली तर नऊच्या सेटचा ताण 38 किलोच्या आसपास, दहाच्या सेटचा 46च्या. आता वाजवताना काय होतं ते पाहा. तार बोटाने आडवी ढकलून स्वर चढवणं, ज्याला गिटारवाले बेंड करणं म्हणतात, हा या वाद्याचा प्राण आहे. सतारीवर मींड घेताना तार ओढतात, तोच हा प्रकार. सा वरून रे वर जायचं, म्हणजे पूर्ण एक स्वर चढायचं, तर ताण सव्वापट करावा लागतो. नऊची तार इतकी ओढली की तिचा ताण साडेसात किलोपर्यंत जातो. दहाची तार नुसती मोकळी असतानाच जवळजवळ तेवढी ताणलेली असते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात अकराचा सेट दिला, तर त्याचं बोट पहिल्या दिवसापासून कुठे लढत असतं, हे यावरून कळेल.

लांबीचाही विचार हवा. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारवर तारेची लांबी सुमारे पावणेपंचवीस इंच. पाऊण इंचाच्या या फरकाने ताण सहा टक्क्यांनी उतरतो. म्हणून स्ट्रॅटोकास्टरवर नऊचा सेट लावणारे पुष्कळ वादक लेस पॉलवर दहाचा लावतात. दोन गिटारी, दोन सेट, आणि हाताला लागणाऱ्या ताणातला फरक थोडा कमी.

आता या सगळ्या प्रकरणातल्या सर्वांत महत्त्वाच्या तारेकडे येऊ. ती तिसरी तार. आज ती साधी, एकसंध पोलादाची असते. 1950च्या दशकात दुकानात मिळणाऱ्या सेटमध्ये ती वेढ्याची असे: आत पोलादी गाभा, वर धातूचा बारीक वेढा. गिटार तेव्हा मुख्यतः साथीला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, धरण्यासाठी होती, आणि कॉर्डमध्ये वेढ्याची तिसरी तार सुरात चांगली बसते. ब्लूज आणि रॉकअँडरोल वाजवणाऱ्यांना मात्र तीच तार बेंड करायची होती, आणि ती हलत नव्हती. मग वादकांनी युक्ती काढली. गायक रिकी नेल्सनच्या साथीला वाजवणाऱ्या जेम्स बर्टनने वरच्या बाजूला बँजोच्या बारीक तारा चढवल्या. कॅलिफोर्नियात टार्झाना गावी एर्नी बॉल यांचं गिटारचं दुकान होतं. शिकाऊ मुलं जाड तिसऱ्या तारेशी झगडताना त्यांनी पाहिली. मोठ्या कंपनीने हलका सेट करून द्यायचं मनावर घेतलं नाही, तेव्हा तारा बनवणाऱ्यांकडून त्यांनी स्वतःच करून घेतला. 1962 साली त्यांच्या 'स्लिंकी' तारा बाजारात आल्या. 1960च्या दशकातल्या त्या लांब, रडवणाऱ्या बेंडचं श्रेय आपण वादकांच्या प्रतिभेला देतो, आणि ते योग्यच आहे. त्यातला मोठा वाटा या साध्या तिसऱ्या तारेलाही द्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

ही गोष्ट इथेच संपत नाही. माझ्या हातात सहाव्या तारेचा एक तुकडा आहे. टोकाचा वेढा मी उलगडतो. पुढच्या रांगेतल्यांना दिसेल, आतला गाभा तारेच्या निम्म्याहूनही बारीक आहे. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी. तो हवेतला नाद ऐकत नाही. चुंबकावर हलणारं पोलाद गुंडाळीत विजेचा प्रवाह जागवतं, आणि या कामात मोठा वाटा गाभ्याचा असतो. म्हणून अकूस्टिक गिटारच्या ब्राँझच्या तारा इथे दबक्या वाजतात आणि नायलॉनच्या मुळीच वाजत नाहीत. तिसरी तार वेढ्याची होती तेव्हा तिचा गाभा बारीक, आवाज कमी. 1954च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तिच्याखालचं चुंबक त्यासाठी मुद्दाम उंच ठेवलेलं होतं. पुढे त्याच जागी 0.017 इंचाची भरीव तार आली आणि ती इतर तारांवर ओरडू लागली. आजही जुन्या घडणीचे पिकअप असलेल्या गिटारवर तिसरी तार मोठ्याने वाजत असेल, तर दोष तुमच्या हाताला देऊ नका.

जाड तारेचा नाद भरदार, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. तिचं मूळ बहुतेक स्टीव्ही रे वॉनमध्ये आहे. टेक्ससचा हा वादक तेराचा सेट लावायचा, हे प्रत्येक मुलाला पाठ असतं. त्याची गिटार अर्ध्या स्वराने खाली लावलेली असे, हे फार थोड्यांना आठवतं. अर्धा स्वर उतरवला की ताण अकरा टक्के कमी होतो. तरीही पहिल्या तारेवर अकरा किलोचा ताण उरतोच, आणि त्या माणसाच्या हाताची ताकद विलक्षण होती. दुसरीकडे त्याच टेक्ससचा बिली गिबन्स. ब्लूजवादक बी. बी. किंग यांनी त्याला सांगितलं की उगाच इतके कष्ट कशाला घेतोस, आणि तो हलक्या तारांकडे वळला, पुढे सातच्या सेटपर्यंत गेला. त्याच्या गिटारचा नाद पातळ आहे असं कोण म्हणेल? हेवी मेटलचा गिटारवादक टोनी आयोमी याची कथा तर डोळ्यांत पाणी आणते. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात 1965 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्राखाली तुटली. तो डावखुरा, म्हणजे नेमका तारा दाबायचाच हात. बोटांना टोपणं घालून, बारीक तारा लावून आणि पुढे स्वर खाली उतरवून तो वाजवत राहिला. हेवी मेटलचा सर्वांत जड नाद सर्वांत हलक्या तारांवर जन्मला. भरदारपणा अॅम्प्लिफायर, पिकअप आणि हात मिळून देतात. जाडीने थोडा जोर वाढतो, जोराने छेडलं तरी तार फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, कमी खडखडते. त्याहून जास्त अपेक्षा तिच्याकडून करू नये.

जाड तार खरोखर लागते ती स्वर खाली उतरवणाऱ्याला. सहावी तार एक पूर्ण स्वर उतरवली की तिचा ताण एकपंचमांश जातो आणि ती लोंबकळते. तिथे 0.046 ऐवजी 0.052 लावली की ताण जवळजवळ पूर्ववत होतो.

धातूबद्दल थोडक्यात. बहुतेक सेटमध्ये वेढा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचा असतो, आणि सुरुवातीला तोच घ्यावा. शुद्ध निकेलचा वेढा मऊ बोलतो, स्टेनलेस स्टीलचा लखलखीत. स्टेनलेस गंजत नाही, पण मऊ धातूचे फ्रेट तो लवकर झिजवतो. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीला राहणाऱ्यांना मात्र एक गोष्ट कळकळीने सांगतो. समुद्राची दमट हवा आणि घाम यांनी साध्या तारा गंजतात, वेढ्यांच्या फटींत मळ साचतो, तारेचं वजन ठिकठिकाणी असमान होतं आणि ती सुरात लागेनाशी होते. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसावी. पावसाळ्यात प्लास्टिकचं बारीक आवरण असलेल्या तारांचे जास्तीचे पैसे वाया जात नाहीत.

सेटची जाडी बदलली की गिटारही पुन्हा जुळवावी लागते. ताण वाढला की मान वाकते, ती आतल्या सळईने सरळ करायची. नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीच्या, खाचेत जाड तार अडकते आणि बेंड केल्यावर मूळ स्वरावर परत येत नाही. मागे स्प्रिंगा असलेला ब्रिज उचलला जातो. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथेच हलका स्पर्श करून काढलेला स्वर जुळतो का, हे पाहून ब्रिजवरची तारेची घोडी मागेपुढे करायची. जाणत्या माणसाकडून हे एकदा समोर बसून शिकून घ्या.

पालकांना आणि शिक्षकांना शेवटची विनंती करतो. मुलाला पहिला सेट नऊचा द्या. सहा महिन्यांनी त्याच कंपनीचा, त्याच धातूचा दहाचा सेट लावून, गिटार नीट जुळवून, पंधरा दिवस वाजवू द्या. मग कोणता ठेवायचा हे त्याला विचारा, आणि तो सांगेल तो ठेवा.