दोरीचें आयुष्य



अर्जुनाच्या धनुष्याला नांव आहे, श्रीविष्णूच्या धनुष्याला नांव आहे. दोरीला मात्र कोणीं नांव दिल्याचें माझ्या ऐकण्यांत नाहीं. तरी धनुष्याच्या अंगचा सारा जोर बाणापर्यंत पोंचतो तो तिच्याच मार्फत. आज मी बोलणार आहें तें आडव्या धनुष्याच्या, म्हणजे क्रॉसबोच्या दोरीविषयीं. दांड्यावर आडवें बसविलेलें धनुष्य, ओढलेली दोरी अडकवून ठेवणारा खटका आणि ती सोडणारा चाप, अशी या आयुधाची रचना असते.

१३४६ सालीं क्रेसीच्या रणांगणावर फ्रेंचांच्या बाजूनें लढणाऱ्या जिनोआच्या क्रॉसबोधाऱ्यांची दाणादाण उडाली. लढाईपूर्वीं पावसाची सर आली, दोऱ्या भिजून आंखडल्या आणि ऐन वेळीं ओढतां येईनात, असें ज्याँ द व्हेनेत या इतिवृत्तकारानें लिहिलें आहे. इतिहासकार हें कारण सर्वस्वीं मानीत नाहींत. त्या सैनिकांच्या मोठ्या ढाली सामानाबरोबर मागें राहिल्या होत्या, हेंहि विसरतां येत नाहीं. पण त्या काळची दोरी भांगेच्या किंवा अळशीच्या वाखाची असे, आणि तिला मेणाचा हात हवाच असे.

आजची दोरी पॉलिएथिलीनच्या विलक्षण बळकट तंतूंची असते. तिला पावसाचें भय नाहीं. भय आहे तें घर्षणाचें. हा तंतु सुमारें १५० अंश सेल्सिअसला वितळतो आणि त्याच्या पुष्कळ आधींच दुबळा होऊं लागतो. २०२३ सालीं बर्लिनला जगज्जेतेपद मिळविणारीं आपलीं अदिती स्वामी व ओजस देवतळे ज्या कंपाऊंड धनुष्यानें नेम धरतात, त्याची दोरी मोकळ्या हवेंतून धांवते. क्रॉसबोची दोरी मात्र बहुधा प्रत्येक बाणागणिक दांड्यावरील पन्हळीच्या कडांना घासत जाते. म्हणून तिच्या मध्यावर बारीक दोऱ्याचे घट्ट वेढे दिलेले असतात. इंग्रजींत त्याला ‘सर्व्हिंग’ म्हणतात. आपण वेष्टन म्हणूं. पायतणाच्या तळव्याप्रमाणें तें झिजण्यासाठींच असतें. तें झिजलें याचें वाईट वाटूं नये. झिजल्याचें आपल्याला कळलें नाहीं, तर वाटावें.

येथें बहुतेकांची चूक होते. मेण आणि तेल यांची कामें निराळीं आहेत. मेण हें दोरीच्या उघड्या भागासाठीं: हलकेंच लावून बोटांनीं चोळावें, म्हणजे उबेनें तें आंत मुरतें आणि एकमेकांवर घासणारे तंतु वांचतात. उरलेलें पुसून काढावें. मधल्या वेष्टनावर मेण थापल्यास तेथें धूळ धरते, आणि ती धूळच पुढें कानशीचें काम करते. पन्हळीच्या कडांना तेलाचा एखादा थेंबच पुरे. अधिक झाल्यास तें खटक्यांत उतरतें. कांहीं नव्या क्रॉसबोंत दोरी पन्हळीला टेकतच नाहीं, तेव्हां आपल्या यंत्राची पुस्तिका आधीं वाचावी. जुने कारागीर धनुष्य किंचित् वर कलवून बसवीत, तें दोरी दांड्याला जेमतेम स्पर्शून जावी म्हणूनच.

दोरी ओढतांना दोन्ही बाजूंनीं सारखी ओढावी. एकीकडे झुकली, तर बाण तर चुकतोच, शिवाय वेष्टन एकाच जागीं खाल्लें जातें. बाण न ठेवतां चाप ओढण्याचा मोह तर कटाक्षानें टाळावा. बाणानें न्यावयाचा सारा जोर अशा वेळीं दोरी व धनुष्य यांवरच उलटतो. माझ्या एका स्नेह्यानें केवळ गंमत म्हणून तसें केलें. दोरी तुटली, धनुष्याची एक भुजा चिरली, आणि तुटलेलें टोंक त्याच्या मनगटावर असें बसलें कीं महिनाभर त्याला लेखणी धरतां आली नाहीं. आंगठा पन्हळीच्या वर नव्हता, हें त्याचें दैव.

वेष्टनाचे वेढे सरकले वा सुटले, तर तेवढेंच नव्यानें घालतां येतें. पण आंतील एकहि तंतु तुटलेला दिसला, तर ती दोरी काढून टाकावी. गांठ मारून वा मेण लावून ती सुधारत नाहीं. नवी दोरी प्रथम थोडी ताणते. म्हणून जादा दोरी घेतल्यावर ती एकदां चढवून दहा-वीस बाण मारावे, वेष्टनाचा मध्य खटक्यावर नीट येतो कीं नाहीं हें पाहावें, आणि मगच ती उतरून पेटींत ठेवावी.