खळ, सोडा आणि पहिल्या वर्षाचं ऑर्गॅनिक



मागच्या रांगेतली मंडळी माझ्यापेक्षा साउंडवाल्याकडे जास्त आशेनं बघताहेत. नाच बाकी आहेत, तेव्हा लवकर आटपतो.

मघाशी चहाच्या वेळी एफवायबीएस्सीच्या मुलांना विचारलं, सगळ्यात अवघड काय? एकच उत्तर आलं, "ऑर्गॅनिक. सर, रिअ‍ॅक्शन पाठच होत नाहीत." होणारही नाहीत. तो पाठांतराचा विषयच नव्हे. आणि मागांच्या या भिवंडीत राहून त्याला घाबरावं, याचं मला नवल वाटतं.

मागावर बीम चढण्याआधी ताण्याचं सूत सायझिंगला जातं. तिथे त्याला खळ देतात, नाहीतर घासून घासून धागे तुटतात. सुतावरची खळ बऱ्याचदा स्टार्चची असते. सूत सेल्युलोजचं. आता गंमत बघा, स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. पण स्टार्चमधला बंध अल्फा, कापसातला बीटा. पहिल्या कार्बनवरच्या ऑक्सिजनची दिशा तेवढी वेगळी. तेवढ्यानं भाकरी पचते, सदरा पचत नाही! कापड विणून झालं की प्रोसेसमध्ये खळ काढायला अमायलेज वापरतात. तुमच्या लाळेत आहे ना, त्याच जातीचं एन्झाइम. ते अल्फा बंध तोडतं, बीटाला हात लावत नाही. म्हणून खळ जाते आणि कापड शाबूत राहतं. वर्गात स्टिरिओकेमिस्ट्री सुरू झाली की 'हे वर-खाली कशाला' म्हणणाऱ्यांनी हे कापड डोळ्यांपुढे आणावं.

पुढे रंगाई. रिअ‍ॅक्टिव्ह रंग बाजारात आले १९५६ साली. त्याआधी सुतावर रंग नुसता चिकटून राही किंवा धाग्यात अडकून बसे. हा नवा रंग धाग्याशी थेट सहसंयुज बंध जोडतो. डाइंग मास्तर आधी मीठ टाकतो आणि सोडा मागाहून. का? सोड्यानं सेल्युलोजच्या ओएचमधला प्रोटॉन निघतो, ऑक्सिजनवर ऋणभार येतो आणि तो रंगाच्या रेणूवर चाल करतो. सोडा सुरुवातीलाच पडला, तर रंग सुतात मुरण्याआधीच पाण्याशी जुळून वाया जातो. मास्तर 'न्यूक्लिओफाइल' म्हणत नसेल, पण तुमच्या वहीतला वाकडा बाण तो रोज चालवतो.

रंगांवरूनच आठवलं. विल्यम पर्किननं १८५६ साली, अठराव्या वर्षी, म्हणजे जवळपास तुमच्याच वयात, क्विनीन करायला घेतलं आणि हाती आला जांभळा रंग. त्याच्यापाशी अणूंचा हिशेब होता, रेणूची रचना नव्हती. बेंझिनचं कडं केकुलेनं मांडलं ते १८६५ साली. तुम्हाला ते पहिल्याच वर्षी आयतं मिळतं आणि तुम्ही ते पाठ करत बसता!

रंगांचं हे शास्त्र आपल्याकडेही शिकवलं गेलं, तेही शेजारीच. माटुंग्याची आजची आयसीटी, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली, तेव्हा वस्त्ररसायन हा तिथला एक मुख्य विषय होता. तिथले के. वेंकटरामन आणि बा. द. टिळक हे दोघेही रंगांचे रसायनतज्ज्ञ, आणि दोघेही पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले.

तुमच्या सरांना एक सुचवतो. सोमवारी प्रत्येकानं ओळखीच्या कारखान्यातून ताण्याचा एक धागा आणावा आणि त्यावर आयोडीनचा थेंब टाकावा. गडद निळा झाला तर स्टार्च. नाही झाला तर सायझिंगवाल्या काकांना विचारा, खळीत काय घालता? 'पीव्हीए', म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणाले, तर त्याची साखळी वहीत काढा आणि पाण्यात ती का विरघळते ते सांगा. पुस्तकात बघायला हरकत नाही.

चला, साउंड लावा.